हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचे गरोदरपण : धोका कोणाला आणि किती

लहानपणी मुलीच्या हृदयाचे ऑपरेशन झाले आहे; तिचे लग्न करावे का, आणि केले तर तिला मूल होऊ द्यावे का, हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना वारंवार ऐकावा लागतो. पुष्कळदा तो मुलीऐवजी तिची आईच विचारते. या प्रश्नाला एक सरसकट उत्तर देता येत नाही, कारण ‘हृदयाचे ऑपरेशन’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी सामावलेल्या असतात. पाचव्या वर्षी हृदयाचे छिद्र बंद केलेली मुलगी आणि बाविसाव्या वर्षी धातूची झडप बसवलेली मुलगी, दोघींच्या छातीवर सारखीच उभी खूण असू शकते; पण पहिलीचे बाळंतपण बहुधा इतर कोणत्याही स्त्रीसारखे पार पडते, तर दुसरीच्या बाबतीत गरोदरपणाचा प्रत्येक आठवडा मोजूनमापून काढावा लागतो. म्हणून ऑपरेशन झाले होते का, यापेक्षा ऑपरेशननंतर हृदयात काय शिल्लक राहिले आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुढच्या काळात वाढत जाणार आहे. आधी जीवनदायी योजनेतून, नंतर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शाळा-अंगणवाड्यांच्या तपासणीतून अनेक मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील मुली आता लग्नाच्या वयाला आल्या आहेत. दुसरीकडे, बालपणीच्या घसादुखीनंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने झडपा खराब झालेल्या स्त्रियाही आपल्याकडे अजून मोठ्या संख्येने आहेत. युरोप-अमेरिकेतील हृदयरोगी गरोदर स्त्री ही बहुतांशी जन्मजात दोषाची रुग्ण असते. आपल्या बाह्यरुग्ण विभागात मात्र दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी बसलेले असतात.

गरोदरपणात हृदयावर नेमके काय ओझे पडते, हे आधी पाहू. शरीरातील रक्ताचे एकूण प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर ढकलते, ते प्रमाणही ३० ते ५० टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ पोट दिसू लागण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तीन महिन्यांतच सुरू झालेली असते. नाडीचे ठोके मिनिटाला १० ते २० नी वाढतात आणि रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे रक्तदाब मधल्या महिन्यांत थोडा उतरतो. हा भार साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात, शिखराला पोहोचतो. प्रसूतीच्या वेळी प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयातील ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त एकदम आईच्या अभिसरणात येते, आणि बाळ व वार बाहेर पडल्यावर आकसलेल्या गर्भाशयातून आणखी रक्त हृदयाकडे परतते. त्यामुळे ‘बाळंतीण सुटली’ म्हणून घरचे सगळे निर्धास्त होतात, त्याच पहिल्या दोन-तीन दिवसांत कमकुवत हृदयाच्या स्त्रीच्या फुफ्फुसांत पाणी साचण्याची भीती सर्वांत जास्त असते. याच काळात रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते, आणि ती बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे टिकते.

निरोगी हृदय हे सारे सहज पेलते. शस्त्रक्रिया झालेले हृदय ते पेलेल की नाही, हे चार गोष्टी सांगतात : डावी (आणि काही दोषांत उजवी) बाजू किती जोराने आकुंचन पावते, झडपा अरुंद किंवा गळक्या आहेत का, फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील दाब वाढलेला आहे का, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का. पहिल्या तीन गोष्टी टूडी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, बऱ्याच अंशी कळतात. चौथी औषधाच्या चिठ्ठीवर असते.

या माहितीवरून डॉक्टर त्या स्त्रीला जागतिक आरोग्य संघटनेच्या सुधारित वर्गवारीत बसवतात. पहिल्या वर्गात हृदयाशी संबंधित एखादी गुंतागुंत होण्याची शक्यता २.५ ते ५ टक्के, दुसऱ्यात सुमारे ६ ते १० टक्के, तिसऱ्यात १९ ते २७ टक्के आणि चौथ्यात ४० टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत धरलेली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्येही एक पायरी आहे. येथे गुंतागुंत म्हणजे मृत्यू नव्हे. धाप लागून रुग्णालयात भरती व्हावे लागणे, ठोक्यांची लय बिघडणे, गुठळी होणे, हे सारे त्यात मोजले जाते. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या नोंदवहीत २००७ ते २०१८ या काळात ५३ देशांतील ५,७३९ गरोदरपणांची नोंद झाली. त्यांत ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या हृदयरोगी स्त्रिया होत्या. मातेच्या मृत्यूचे प्रमाण ०.६ टक्के, तर हृदय निकामी होऊ लागल्याची लक्षणे दिसण्याचे प्रमाण ११ टक्के आढळले. म्हणजे बहुसंख्य स्त्रिया सुखरूप बाळंत झाल्या. मात्र त्या ज्या केंद्रांत झाल्या तेथे हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ एकत्र काम करत होते, हे विसरून तो आकडा तालुक्याच्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येणार नाही.

हृदयाच्या वरच्या किंवा खालच्या कप्प्यांमधील छिद्र, किंवा जन्मानंतर बंद व्हायला हवी होती ती रक्तवाहिनी, हे दोष बालपणी नीट बंद केले असतील आणि मागे काही उरले नसेल, तर ती स्त्री पहिल्या वर्गात मोडते. तिला लग्न, मूल, दुसरे मूल या कशाचीच मनाई नसते, आणि तिला उगाच ‘हार्ट पेशंट’ म्हणून घाबरवत ठेवणे हा अन्यायच आहे. अट एकच, आणि ती महत्त्वाची. छिद्र फार उशिरा बंद झाले असेल, तर तोवर जास्तीच्या रक्तप्रवाहाने फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड आणि ताठ झालेल्या असू शकतात. त्यामुळे तेथे वाढलेला दाब छिद्र बुजले तरी उतरत नाही. फुफ्फुसांतील वाढलेला दाब गरोदरपणातील सर्वांत घातक अवस्थांपैकी एक असून ती चौथ्या वर्गात येते. अशा स्त्रीला दिवसा कसलाही त्रास होत नसेल, ती घरकाम व्यवस्थित करत असेल, तरीही धोका तेवढाच राहतो; म्हणूनच ‘मला तर काहीच होत नाही’ या भरवशावर एको टाळणे बरोबर नाही.

ज्यांना जन्मतः निळेपणा होता आणि ज्यांच्यावर फॅलोच्या चतुर्दोषाची (हृदयातील चार जन्मजात दोष एकत्र असण्याची) पूर्ण दुरुस्ती झाली, त्या स्त्रिया दुसऱ्या वर्गात येतात. त्यांच्यात बहुधा फुफ्फुसाकडील झडप गळकी राहते आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षे हळूहळू फुगत जातो. गरोदरपणात त्यावर भार वाढून ठोक्यांची लय बिघडू शकते. झडप फारच गळत असेल, तर ती गर्भधारणेपूर्वी बदलून घेणे हिताचे ठरते. एकच पंपिंग कप्पा असलेल्या हृदयावर केल्या जाणाऱ्या फॉन्टन शस्त्रक्रियेची गोष्ट निराळी आहे. तेथे अशुद्ध रक्त कोणत्याही पंपाशिवाय, केवळ शिरांमधील दाबावर फुफ्फुसांत जाते. गरोदरपणासाठी लागणारा जादा प्रवाह पुरवायला अशा अभिसरणात फारशी जागाच नसते. या स्त्रियांमध्ये जवळजवळ निम्म्या गर्भधारणा गर्भपातात संपतात, आणि जन्मणारी बाळेही बहुधा अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची असतात.

ऱ्हुमॅटिक आजारात बहुतेक वेळा माइट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडप, अरुंद होते. फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने ती मोकळी केली, तर पुढची अनेक वर्षे चांगली जातात, पण ती कालांतराने पुन्हा अरुंद होऊ शकते, आणि नेमके तेव्हाच दिवस राहिले तर पंचाईत होते. झडपेतून रक्त डाव्या कप्प्यात उतरते ते दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. गरोदरपणात ठोके वाढतात, म्हणजे ही विश्रांती आखूड होते. एसटी थांब्यावर क्षणभरच थांबली आणि तिचे दारही अरुंद असले, तर निम्मे प्रवासी खालीच राहतात. तसे इथे रक्त मागे, फुफ्फुसांत तुंबते. ठोके कमी ठेवणारी गोळी आणि विश्रांती यांनी भागले नाही, तर गरोदरपणातच, शक्यतो २० आठवड्यांनंतर, पोटावर शिशाचे आवरण ठेवून फुग्याने झडप उघडता येते. या स्त्रियांनी दर तीन आठवड्यांचे पेनिसिलीनचे इंजेक्शन गरोदर आहोत म्हणून बंद करू नये. ते बाळाला अपाय करत नाही, आणि ते थांबवल्याने ताप उलटला तर उरलीसुरली झडपही जाते.

आता सर्वांत अवघड गटाकडे येऊ. धातूची किंवा कार्बनची, म्हणजे मेकॅनिकल झडप अत्यंत टिकाऊ असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने घडलेली, १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवली गेलेली चित्रा झडप याच जातीची असून परदेशी झडपांपेक्षा स्वस्त असल्याने ती भारतात एक लाखाहून अधिक रुग्णांना मिळाली आहे. पण या परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा एसिट्रॉमची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर नावाची तपासणी करून तिची मात्रा जुळवावी लागते. अडचण अशी की ही गोळी वारेतून बाळापर्यंत पोहोचते. गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तिच्यामुळे बाळाचे नाक व हाडे यांच्या वाढीत दोष येऊ शकतो, आणि पुढेही गर्भ दगावण्याची व बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता उरते.

मग गोळी बंद करून हेपॅरिनची इंजेक्शने का देऊ नयेत? हेपॅरिन वारेतून पलीकडे जात नाही, त्यामुळे बाळ सुरक्षित राहते. पण झडपेचे रक्षण ते गोळीइतके खात्रीने करत नाही. येथे आईचे हित आणि बाळाचे हित खरोखर परस्परविरोधी दिशांना ओढतात, आणि कोणतीही चतुराई हा पेच पूर्ण सोडवू शकलेली नाही. वर उल्लेखलेल्या युरोपीय नोंदवहीतील मेकॅनिकल झडप असलेल्या २१२ स्त्रियांपैकी १० जणींच्या झडपेत गुठळी झाली. त्यांपैकी ५ जणींना ती पहिल्या तीन महिन्यांत झाली आणि त्या पाचही जणींची गोळी थांबवून हेपॅरिन सुरू केलेले होते. २३ टक्के स्त्रियांना रक्तस्रावाचा त्रास झाला. कोणतीही गंभीर गुंतागुंत न होता जिवंत बाळ हाती आले, अशा स्त्रिया फक्त ५८ टक्के होत्या. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली टिश्यू झडप असलेल्या स्त्रियांत हेच प्रमाण ७९ टक्के होते, आणि झडप न बदललेल्या हृदयरोगी स्त्रियांतही जवळजवळ तेवढेच.

व्यवहारात मार्ग काढला जातो तो गोळीच्या मात्रेवरून. रोजची वॉरफरिन ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी, किंवा एसिट्रॉम २ मिलिग्रॅमपेक्षा कमी पुरत असेल, तर बाळातील दोषाची शक्यता बरीच कमी असते, आणि अशा स्त्रीला सर्व धोके समजावून गोळी पूर्ण काळ चालू ठेवणे हा मान्य पर्याय आहे. मात्रा त्याहून जास्त लागत असेल, तर सहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत हेपॅरिन आणि नंतर पुन्हा गोळी, असा क्रम निवडतात. गरोदरपणात वजन वाढते आणि मूत्रपिंडे औषध लवकर बाहेर टाकतात, त्यामुळे हेपॅरिनची सुरुवातीची मात्रा पुढे अपुरी पडते. ती ‘अँटी-टेन-ए’ या रक्ततपासणीने नियमित पडताळावी लागते. ही तपासणी जवळपास होत नसेल, तर केवळ वजनावरून अंदाजाने इंजेक्शने देत राहणे धोक्याचे आहे. सुमारे ३६ व्या आठवड्यात गोळी सर्वांचीच थांबवली जाते, म्हणजे प्रसूतीपर्यंत बाळाच्या रक्तातील तिचा अंश उतरतो; शेवटी शिरेतून हेपॅरिन देऊन ते बाळंतपणाच्या चार ते सहा तास आधी बंद करतात आणि रक्तस्राव आटोक्यात असल्यास तेवढ्याच अवधीनंतर पुन्हा सुरू करतात. गोळी चालू असतानाच अचानक कळा सुरू झाल्या, तर बाळाच्या डोक्यावर दाब येऊ नये म्हणून सिझेरियन करावे लागते. नव्या, तपासणी न लागणाऱ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मेकॅनिकल झडपेला चालत नाहीत. गरोदरपणात तर नाहीतच.

हे सारे पाहता, ज्या मुलीला पुढे मूल हवे आहे तिची झडप बदलायची वेळ आली तर टिश्यू झडप बसवावी, असे कोणालाही वाटेल, आणि ते बहुधा योग्यही आहे. पण तरुण वयात ही झडप लवकर झिजते, दहा-पंधरा वर्षांत किंवा त्याआधीही, आणि दुसरी शस्त्रक्रिया अटळ होते. त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि जोखीम पेलणे सर्वच कुटुंबांना जमत नाही. झडप न बदलता दुरुस्त करता आली, तर ते उत्तम. माझ्या मते निर्णय कोणताही होवो, तो शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री संमतीपत्रावर सही घेताना होता कामा नये. मुलीला स्वतःला दोन्ही वाटा समजावून सांगितलेल्या असाव्यात.

गर्भधारणेच्या आधी आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते, ती म्हणजे इतर गोळ्या. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या रक्तदाबाच्या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. त्या आधीच बदलून घ्याव्या लागतात. ठोके कमी ठेवणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या चालतात, फक्त बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवावे लागते. शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षभर थांबून, ताजा एको आणि शक्य असल्यास ट्रेडमिल तपासणी करून मगच पुढे जावे. रक्तक्षयाकडे तर मुळीच दुर्लक्ष करू नये : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांत तो आढळला, आणि रक्तातील हिमोग्लोबिन कमी असले की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला आणखी जोराने काम करावे लागते.

आपल्याकडील दोन रूढी येथे आड येतात, आणि त्यांविषयी पाठ्यपुस्तकांत फारसे लिहिलेले नसते. पहिली म्हणजे लग्न ठरवताना ऑपरेशनची गोष्ट लपवणे. मग सासरी गोळी चोरून घेतली जाते किंवा बंदच होते, आयएनआरची तपासणी राहून जाते, आणि दिवस राहिल्यावर डॉक्टरांसमोरही सासू शेजारी असल्यामुळे मुलगी गप्प बसते. दुसरी रूढी मायेची आहे : पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात, डोहाळजेवण उरकून, मुलगी नव्या गावी, नव्या डॉक्टरांकडे जाते, आणि हाच हृदयावरील भार शिखराला पोहोचण्याचा काळ असतो. माहेरी जायला हरकत नाही. पण शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, झडपेचा प्रकार व क्रमांक लिहिलेले ओळखपत्र, शेवटचा एको आणि आयएनआरची वही तिच्याबरोबर गेली पाहिजे, आणि बाळंतपण कोणत्या रुग्णालयात होणार हे तिथे पोहोचण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात जोखमीच्या मातांची तपासणी होते. आशाताईंना ऑपरेशनची माहिती असेल, तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची सोय वेळेवर होऊ शकते.

हृदयाचे ऑपरेशन झाले म्हणजे सिझेरियनच, हा समज चुकीचा आहे. बहुतेक स्त्रियांसाठी योनिमार्गे प्रसूती अधिक सुरक्षित असते, कारण त्यात रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग कमी होतो. वेदना कमी करण्यासाठी कमरेतून भूल देतात, आणि शेवटच्या टप्प्यात जोर करावा लागू नये म्हणून चिमटा किंवा व्हॅक्यूम वापरतात. रक्तस्राव थांबवायला आपल्या प्रसूतिगृहांत सर्रास दिले जाणारे मेथर्जिनचे इंजेक्शन या स्त्रियांना टाळायचे असते, कारण ते रक्तदाब एकाएकी वाढवते. ऑक्सिटोसिनही हळूहळू, थेंबाथेंबाने द्यावे लागते.

बाळाविषयी दोन गोष्टी विचारल्या जातात. आईच्या हृदयाने पुरेसा प्रवाह दिला नाही, तर बाळ लवकर जन्मते किंवा वजनाने कमी भरते, हे खरे आहे. आईच्या वर्गाचा आकडा जितका मोठा, तितके हे प्रमाण जास्त. आईचा दोष जन्मजात असेल, तर बाळातही हृदयदोष असण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के असते. इतर बाळांत ती एक टक्क्याच्या आसपास आहे. म्हणून १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचा एको करतात. मार्फान विकारासारख्या (शरीराला आधार देणाऱ्या ऊती कमकुवत करणाऱ्या) काही आनुवंशिक आजारांत मात्र ही शक्यता ५० टक्के असल्याने आधीच जनुकीय सल्ला घ्यावा. ऱ्हुमॅटिक आजार बाळाला जन्मतः मिळत नाही.

प्रसूतीनंतर आईला किमान दोन-तीन दिवस बारीक देखरेखीखाली ठेवावे लागते. वॉरफरिन दुधात जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे ती घेत असताना अंगावर पाजायला हरकत नाही, आणि केवळ त्या भीतीने गोळी टाळणे जीवघेणे ठरू शकते. पुढचे मूल हवे की नको, हे एको पुन्हा पाहून ठरवावे, आणि तोवर भरवशाचे गर्भनिरोधन हवे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात, म्हणून मेकॅनिकल झडप असलेल्या स्त्रियांनी त्या घेऊ नयेत. तांबी किंवा केवळ प्रोजेस्टेरॉन जातीची साधने डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतात. कुटुंब पूर्ण झाले असेल, तर स्त्रीची नसबंदी करताना रक्त पातळ करणाऱ्या गोळीत फेरफार करावा लागतो आणि भुलेची जोखीमही असते. नवऱ्याची नसबंदी थोड्या मिनिटांत, जागा बधिर करून होते आणि बायकोची एकही गोळी थांबवावी लागत नाही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के होते.